स्वमग्न मूल आणि आपली शाळा



मागच्या पालक सभेत सगळे विषय संपून चहा येण्याच्या वेळी शेवटच्या रांगेतली एक माउली उठून उभी राहिली. पदर सावरत ती म्हणाली, "गुरुजी, माझं लेकरू सात वर्षांचं झालं. नीट बोलत नाही, पण ऐकतं सगळं. डॉक्टरनं स्वमग्न म्हणून सांगितलं. त्याला आपल्या शाळेत बसू द्याल का?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एका पालकाने विचारले की, वर्गात असे मूल आरडाओरडा करू लागले तर बाकीच्या मुलांच्या अभ्यासाचे काय? एक विश्वस्त म्हणाले, "बाई, आमची ना नाही, पण आमच्याकडे त्यातला शिकलेला मास्तर नाही." दोघेही वाईट मनाने बोलले नाहीत. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि ती माउली चहा न घेताच निघून गेली.

मी आता निवृत्त शिक्षक आहे. सभेत माझे मत मोजले जात नाही. पण संपादकांनी या अंकात जागा दिली म्हणून पुढच्या सभेआधी माझे म्हणणे आपल्यापुढे ठेवतो. त्या मुलाला प्रवेश द्यावा आणि त्यासाठी तज्ज्ञ येण्याची वाट पाहू नये. त्याला शिकवायला लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी या गावात, या शाळेत आणि त्याच्या घरात आजच आहेत.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी पहिलीचा वर्ग घेत होतो. एका नव्या मुलाला मी विचारले, "तुझे नाव काय?" तो म्हणाला, "तुझे नाव काय?" वर्ग हसला. मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच म्हटले, माझ्याच हेलात. पोरगा माझी नक्कल करतो आहे असे समजून मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. दोन्ही हातांनी कान झाकून तो भिंतीशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही, आणि मी त्याच्या घरी गेलो नाही. पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणात ऐकले की, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे ही अनेक स्वमग्न मुलांची बोलायला शिकण्याची वाट असते. तो मुलगा स्वमग्न होता की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण तो मला उत्तर देण्याचा प्रयत्न करीत असावा, हे मात्र तेव्हापासून मनातून जात नाही.

स्वमग्नता म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स ॲस्पर्गर यांनी त्यांना भेटलेल्या मुलांविषयी लिहिले. त्यानंतर बरीच वर्षे मोठमोठे लोकही सांगत होते की, आईने माया लावली नाही म्हणून मूल असे होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. १९९८ साली इंग्लंडमधील एका डॉक्टरने गोवराच्या लसीशी स्वमग्नतेचा संबंध जोडला. ते संशोधन चुकीचे ठरले आणि ज्या नियतकालिकात ते छापले होते त्यांनीच ते २०१० साली मागे घेतले. लाखो मुलांच्या नोंदी तपासूनही लसीचा संबंध आढळला नाही. म्हणून कोणी काही सांगितले तरी अंगणवाडीतली लस चुकवू नका, आणि घरात सुनेला बोल लावू नका.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली वेगळी रीत आहे. ती जन्माआधीपासूनच घडू लागते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ती संसर्गाने पसरत नाही. ती ग्रहणामुळे, नजर लागल्यामुळे किंवा बाहेरच्या बाधेने होत नाही. तिला पूर्ण बरे करणारे औषध नाही, त्यामुळे खात्रीने बरे करतो म्हणणारा भगत असो की शहरातला दवाखाना, आपले पैसे सांभाळावेत. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पाहिला तर साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. म्हणजे बाजारहत्नूर आणि आजूबाजूची गावे धरली तर ही दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट राहत नाही. आजवर ही मुले दिसली नाहीत, कारण आपण त्यांना 'येडं', 'मुकं', 'हट्टी' अशी नावे देऊन घरात बसवले.

अशी मुले ओळखू कशी येतात? हाक मारली तरी वळून पाहत नाही, पण दूरवर बिस्किटाचा पुडा फोडला तर धावत येते. दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवून "ते बघ" असे सांगत नाही. गाडी चालवण्याऐवजी तिचे चाक फिरवत बसते. रोजची वाट बदलली तर रडून गोंधळ घालते. मिक्सर, फटाके, लग्नातला बँड वाजला की कान झाकते. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणी एकाच विषयावर तासभर बोलते. एखाद्-दुसरे लक्षण म्हणजे स्वमग्नता नव्हे, म्हणून तपासणी डॉक्टरांकडूनच करावी. 'तारे जमीं पर' हा २००७ सालचा चित्रपट पाहून अनेक जण विचारतात की, ते हेच का? त्यातल्या मुलाची अडचण वाचण्या-लिहिण्याची होती. स्वमग्नता त्याहून वेगळी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शिकवायचे कसे.

पहिले म्हणजे, तोंडाने सांगण्याआधी डोळ्यांना दाखवावे. बोललेला शब्द हवेत विरून जातो, चित्र समोर राहते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांनी १९७२ सालापासून जी पद्धत राज्यभर रुजवली, तिचा पाया हाच आहे. मुलाला चार गोष्टी डोळ्यांनी कळाव्यात : काय करायचे, किती करायचे, संपले हे कसे ओळखायचे आणि त्यानंतर काय. यासाठी संगणक लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला चित्रे काढा : प्रार्थना, पाटी, जेवणाचे ताट, खेळ, घर. ती दोरीला ओळीने अडकवा. एक काम झाले की मुलाने स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकायचे. चित्र कळत नसेल तर खरी वस्तू वापरा. ताट हातात दिले की जेवण, दप्तर हातात दिले की घर.

दुसरे, थोडे बोलावे आणि थांबावे. "अरे बाळा, तुला किती वेळा सांगितलं, ती वही काढ आणि इकडे येऊन बस बरं" या वाक्यातून त्याने नेमके काय उचलावे? "वही काढ" एवढेच म्हणा. मग मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपण शिक्षक इथेच चुकतो. दोन सेकंदांत उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारतो, तोही वेगळ्या शब्दांत आणि चढ्या आवाजात. मुलाला मग दोन प्रश्न सोडवावे लागतात.

तिसरे, मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत. शर्ट घालणे हे आपल्याला एक काम वाटते, त्याला ती दहा कामे असतात. नऊ आपण करून द्यावीत आणि शेवटचे बटण त्याला लावू द्यावे. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमले की शेवटची दोन, मग तीन. हात धुणे, डबा उघडणे, अक्षर गिरवणे, सगळे याच रीतीने शिकवता येते.

चौथे, बदलाची आगाऊ कल्पना द्यावी. उद्या पावसामुळे सुट्टी आहे, आज इन्स्पेक्शन आहे, नेहमीचे सर रजेवर आहेत, या गोष्टी आपल्याला क्षुल्लक वाटतात. त्याच्या दृष्टीने मात्र पायाखालची जमीन हलते. दोरीवरचे चित्र बदलून आधी दाखवले तर निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

पाचवे, आवाज आणि जागा यांचा विचार करावा. मध्यान्ह भोजनाच्या वेळी शेकडो ताटांचा खणखणाट होतो. आपण तो ऐकूनही ऐकत नाही, पण काही मुलांच्या डोक्यात तो घणासारखा बसतो. अशा मुलाला भिंतीजवळची, दारापासून दूरची एकच जागा कायम द्यावी. पाच मिनिटे आधी जेवू द्यावे. घंटेच्या वेळी कानाला रुमाल बांधू द्यावा. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून एक शांत जागा असावी, जिथे तो स्वतःहून जाऊन बसेल. शिक्षा म्हणून त्याला तिथे कधीही पाठवू नये.

सहावे, त्रासामागचा निरोप वाचावा. मूल पाटी फेकते, तेव्हा त्याआधी काय झाले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, हे आठ दिवस वहीत लिहून पाहा. बहुतेक वेळा उत्तर समोर येते. तहान लागली होती, लघवीला जायचे होते, काम कठीण होते, आवाज सहन होत नव्हता. जे सांगता येत नाही ते तो अंगाने करून दाखवतो. म्हणून त्याला सांगण्याचे साधन द्या. पाण्याचे चित्र बाईंच्या हातात दिले की पाणी मिळते, एवढे कळले तरी फेकाफेक कमी होते. चित्राची देवघेव करून संवाद शिकवण्याची ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केली, आज ती जगभर वापरली जाते. चित्रे दिल्याने मूल बोलायचे थांबेल अशी भीती पालकांना वाटते. तसा अनुभव नाही. निरोप पोहोचतो हे कळले की बोलण्याची ओढ वाढते.

सातवे, त्याच्या आवडीच्या दोरीने त्याला ओढावे. ज्याला आरटीसी बसचे नंबर पाठ आहेत, त्याची बेरीज-वजाबाकी त्या नंबरांवर घ्या. ज्याला बैल आवडतात, त्याचे वाचन पोळ्यापासून सुरू करा.

मार हा विषय मी शेवटी ठेवला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. कायदा नसता तरी या मुलांना मारून काहीच साधत नाही. का मारले हे त्याला कळत नाही, फक्त कोणी मारले हे लक्षात राहते. माझ्या त्या मुलाच्याही ते लक्षात राहिले असणार.

आता शिकवणीबद्दल. दोन-तीन पालकांनी मला विचारले की, अशा मुलाला शाळेनंतर दोन तासांची शिकवणी लावावी का? माझे मत असे की, दहा मुलांच्या गर्दीत घोकंपट्टीची शिकवणी त्याला जाचच होईल. शाळेत सहा तास स्वतःला सावरून बसलेले मूल संध्याकाळी थकलेले असते. आधी त्याला खाऊ-पिऊ द्या, झोका घेऊ द्या, अंगणात पळू द्या. मग पंधरा मिनिटे, एकाच जागी, एकाच माणसाने शिकवावे. शिकवणारी ताई बारावी झालेली असली तरी चालेल, पण तिने शाळेत वापरतात तीच चित्रे आणि तेच शब्द वापरले पाहिजेत. शाळेत "बस", घरी "खाली टेक" आणि शिकवणीत "सिट डाउन" असे तीन हुकूम झाले तर त्या लेकराने करायचे काय? यासाठी शाळा, घर आणि शिकवणी यांच्यात फिरणारी एक छोटी वही ठेवावी. रोज दोन ओळी पुरे : आज काय जमले, आज काय बिनसले.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात जास्तच आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी आणि लंबाडी, टीव्हीवर हिंदी. बोलायला उशीर झाला की आईला सल्ला मिळतो, घरची भाषा सोडा आणि एकाच भाषेत बोला. कित्येकदा ती एक भाषा इंग्रजी असते, जी आईलाच येत नाही. स्वमग्न मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांत दोन भाषांमुळे मुलाचे नुकसान होते असे आढळलेले नाही. उलट आईने परक्या भाषेत बोलायचे ठरवले तर ती कमी बोलते, अंगाई म्हणत नाही, चेष्टामस्करी करीत नाही. मुलाचे खरे नुकसान तिथे होते. आपल्या आदिलाबादच्या मातीत हा धडा जुना आहे. १९४३ साली क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले, तेव्हा गोंड मुलांची पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून हात द्यावा, हे तेव्हा कळले होते. स्वमग्न मुलाच्या बाबतीतही तेच खरे आहे. शाळेची भाषा त्याच्या जोडीने हळूहळू येईल.

"आमच्याकडे तज्ज्ञ नाही" या मुद्द्याकडे आता वळतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे. वाचा-उपचार करणारे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मोठ्या शहरांत बसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणती आई दर आठवड्याला अडीचशे किलोमीटरहून लांब हैदराबादला जाणार? हाच प्रश्न गोव्यातल्या 'संगत' या संस्थेपुढे होता. त्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर आणि इंग्लंडच्या तज्ज्ञांच्या मदतीने एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणची मिळून दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले त्यात होती. त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी साधे आरोग्य कार्यकर्ते गेले. त्यांना या विषयाची आधी काहीच माहिती नव्हती, प्रयोगासाठी मुद्दाम शिकवून तयार केले होते. पंधरवड्याला एक अशा बारा भेटी. आई मुलाशी खेळतानाचे छोटे चित्रीकरण करायचे आणि मग आईबरोबर बसून ते पाहायचे : मूल कशाकडे पाहत होते? त्याने काही सांगितले का? तुम्ही त्याच्या मागे गेलात, की त्याला आपल्या मागे ओढले?

निष्कर्ष काय निघाला? आया मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागल्या आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या बाबतीत मात्र अपेक्षित फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. हा चमत्कार नव्हता. पण मोठी पदवी नसलेले माणूस नीट शिकवून तयार केले तर या मुलांच्या घरात उपयोगी काम करू शकते, हे त्यातून दिसले. जे गोव्यात एका कार्यकर्तीला जमले, ते आपल्या बाईंना, अंगणवाडी ताईंना आणि त्या माउलीला का जमू नये? मोबाईल तर आता प्रत्येक घरात आहे.

शिवाय आपण अगदीच एकटे नाही. तेलंगणात अनेक मंडलांच्या ठिकाणी 'भविता' केंद्रे आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांना तिथे शिकवणारे संसाधन शिक्षक असतात आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरीही ते जातात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतील मुलांची तपासणी होते, तीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेली बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात आहे. भारतीय मुलांमधील स्वमग्नता मोजण्याची ४० प्रश्नांची पट्टी याच संस्थेने तयार केली आणि २०१६ पासून सरकारी प्रमाणपत्रासाठी ती वापरतात. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेतील सवलती मागता येतात, तसेच राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा उतरवता येतो. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आले. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे तो कायदा सांगतो. तेव्हा पुढच्या सभेत आपण प्रवेश दिला तर ती मेहेरबानी नसेल, हे विश्वस्त बंधूंनी कृपया ध्यानात घ्यावे.

बाकीच्या मुलांच्या अभ्यासाची काळजी करणाऱ्या पालकांना एकच विनंती. वर सांगितलेले उपाय पुन्हा वाचा. फळ्यावर दिवसाचा तक्ता, थोडक्यात सूचना, उत्तरासाठी थांबणे, कठीण कामाचे तुकडे, छडीला रजा. यातले कोणते तुमच्या मुलाला नको आहे? जो मुलगा घाबरून उत्तर देत नाही, जी मुलगी तेलुगू घरातून येऊन मराठी वर्गात बसते, त्यांनाही हेच लागते. अर्थात काही दिवस वाईट जातील. एखाद्या दिवशी तो ओरडेल आणि तास बुडेल. तो दिवस येणार आहे हे धरून चालावे, म्हणजे पहिल्याच गोंधळाला "बघा, आम्ही म्हणत होतो" असे होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, खरे तर तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे. तुमच्या वर्गात असा मित्र आला तर त्याच्याकडे टक लावून पाहू नका, त्याची नक्कल करू नका. त्याने डोळ्याला डोळा दिला नाही तर तो गर्विष्ठ आहे असे समजू नका. खेळात त्याला एक ठरलेले काम द्या. विटीदांडूत गुण मोजायला द्या, तो तुमच्यापेक्षा चोख मोजेल कदाचित. तुम्हाला एक नाव सांगतो, टेंपल ग्रँडिन. १९४७ साली अमेरिकेत जन्मलेली ही मुलगी चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. शाळेतल्या विज्ञानाच्या एका शिक्षकांनी तिची आवड ओळखून तिला वाट दाखवली. पुढे ती पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. गुरे कशाला बुजतात हे तिने गुरांच्या डोळ्यांनी पाहिले. जमिनीवरची सावली, हलणारी साखळी, उजेडाची तिरीप यांना जनावर बिचकते, हे ओळखून तिने त्यांच्यासाठी गोठे आणि वाटा आखल्या. तुमच्यापैकी ज्यांनी बुजणारा गोऱ्हा हाताळला आहे, त्यांना हे लगेच पटेल. प्रत्येक स्वमग्न मूल असे मोठे नाव काढील असे नाही, आणि त्याने काढलेच पाहिजे असेही नाही. वर्गात बसण्याचा हक्क हुशारी दाखवून मिळवावा लागत नाही.

विश्वस्त मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, त्या मुलाला येत्या सत्रात पहिलीत प्रवेश द्यावा. सुरुवातीला रोज एक तास, मग जमेल तसा वेळ वाढवावा आणि सुरुवातीचे काही दिवस आईला वर्गाबाहेर बसू द्यावे. दुसरी, पहिलीच्या बाईंना भविता केंद्रातील संसाधन शिक्षकांकडे आठ दिवस शिकायला पाठवावे आणि ते दिवस कामाचे धरावेत. तिसरी, मूल, बाई आणि आई या तिघांची दर महिन्याला एक बैठक व्हावी. तीत महिन्याभरात शिकवायच्या फक्त दोन गोष्टी ठरवाव्यात. खर्च म्हणाल तर एक सतरंजी, थोडा पुठ्ठा, एक वही आणि बसचे भाडे. ते भाडे द्यायला मी तयार आहे. पहिले सहा महिने रोज तो एक तास वर्गात बाईंच्या मदतीला बसायलाही मी तयार आहे. गुडघे दुखतात, पण सतरंजीवर बसता येते.

हे मूल दहावी होईल का, असे मला एकाने विचारले. मला माहीत नाही. कदाचित होईल, कदाचित नाही. पण पाणी मागता आले, बाजारात दहाची नोट देऊन सुटे पैसे परत घेता आले, रस्ता ओलांडता आला, चार माणसांत बसून जेवता आले, तर तेही शिक्षणच आहे. आज घरी बसवलेले सात वर्षांचे मूल उद्या घरीच बसलेला तीस वर्षांचा माणूस होते. तोवर आई म्हातारी झालेली असते. सभेतल्या त्या माउलीच्या मनात तेव्हा हाच विचार होता, असे मला वाटते.

पस्तीस वर्षांपूर्वी मी एका मुलाच्या घरी जायला हवे होते, गेलो नाही. पुढच्या सभेचा दिवस ठरला की त्याच्या आदल्या संध्याकाळी मी या माउलीच्या घरी जाणार आहे. तिला पुन्हा एकटीने शेवटच्या रांगेत उभे राहावे लागू नये. विश्वस्तांपैकी आणि पालकांपैकी ज्यांना माझ्याबरोबर यायचे असेल, त्यांनी अवश्य यावे.

— एक निवृत्त शिक्षक, बाजारहत्नूर